तारवाली आणि माझा तक्ता

"काकू, आणखी चार सुया गप्प झाल्या," तारवाली म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? तोंडाने "अरेरे" म्हटलं, चेहराही बऱ्यापैकी पाडला, पण आतून अगदी गार वाटलं. एवढं गार, की मी तिला चहा विचारला. एरवी मी तिला पाणी देते, तेही तिने मागितलं तर.

तारवाली हे नाव मीच ठेवलंय. आठवड्यातून दोनदा ती हॉस्पिटलातून पाठीवर काळी पिशवी टाकून येते, पिशवीतून वायरींचं भेंडोळं काढते आणि एक वायर माझ्या नवऱ्याच्या डोक्याला जोडते. खरोखरच जोडते. यांच्या टाळूच्या जरा डावीकडे धातूचं एक बटण आहे. त्याच्या आत, कवटीखाली, मेंदूवर नखाएवढा चौकोन बसवलाय आणि त्या चौकोनाला केसाएवढ्या शंभरेक सुया आहेत, मेंदूत रुतवलेल्या. मेंदूतल्या पेशी जे बोलतात ते सुया ऐकतात आणि कॉम्प्युटरला सांगतात. मग पडद्यावरचा बाण हलतो, अक्षरं उचलतो, आणि आमचे हे बोलतात. तिच्याशी भरभरून, माझ्याशी कामापुरतं.

हे म्हणजे मास्तर. यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. अर्ध्या शहराला यांनी गाडी शिकवली, आणि तीही बोलून बोलून. तोंड म्हणजे चालू नळ. मला मात्र शिकवू शकले नाहीत. पहिल्याच दिवशी चौकात आमचं असं काही जुंपलं, की मी गाडी सिग्नलला सोडून तरातरा चालत घरी आले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. मग मी दुसऱ्या स्कूलमध्ये फी भरून शिकले आणि रोज रात्री जेवताना त्या दुसऱ्या मास्तरांचं कौतुक केलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण तोवर भांडण नाही असा आठवडा आठवत नाही.

मग एका सकाळी ब्रश करता करता हे खाली कोसळले. मेंदूच्या देठात गुठळी. हात गेले, पाय गेले, जीभ गेली. अक्कल शाबूत, कान शाबूत, आणि डोळे तेवढे वर-खाली हलतात. डोळे वर म्हणजे हो, घट्ट मिटले म्हणजे नाही. चालू नळ होता, त्याची ही गत.

तेव्हा मी तक्ता केला. माझं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे. केसांच्या रंगाची खोकी पडलेली असतात, त्यातल्याच एका पुठ्ठ्यावर मार्करने ओळी काढल्या. पहिल्या ओळीत स्वर, दुसरीत क ख ग घ, तिसरीत च छ ज झ, अशी शेवटपर्यंत. मी विचारायचं, "ओळ एक? दोन? तीन?" यांनी डोळे वर केले की त्या ओळीतलं एकेक अक्षर म्हणायचं. पुन्हा डोळे वर झाले की अक्षर पक्कं. असं अक्षराला अक्षर जोडायचं. पहिल्यांदा एका "पाणी"ला किती वेळ लागला! मग हात बसला. मी इतकी तरबेज झाले की दोन अक्षरांत शब्द ओळखायचे आणि दोन शब्दांत वाक्य. भेटायला आलेले लोक थक्क व्हायचे. शेजारीण म्हणायची, "तुमच्यावाचून त्यांचं पान हलत नाही हो." मी "काय करणार" म्हणून सुस्कारा टाकायचे, पण मला ते आवडायचं. आख्ख्या जगात यांचं बोलणं एकट्या मला कळत होतं. ज्या माणसाने तीस वर्षांत मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, त्याची सगळी वाक्यं आता मी पुरी करत होते.

अशी काही वर्षं गेली आणि हॉस्पिटलातून विचारणा झाली. नवीन प्रयोग आहे, मास्तर योग्य पेशंट आहेत. यांनी डोळे असे वर केले की खाली आणायलाच तयार नाहीत. ऑपरेशन झालं, जखम भरली, आणि काही महिन्यांनी बाण नीट चालायला लागला. त्या दिवशी पलंगाभोवती सर्जन, नर्स, तारवाली, सगळी मंडळी जमली होती. मी केस सेट करून, चांगले कपडे घालून पुढे उभी. सगळ्यांना वाटत होतं की पहिलं वाक्य माझ्यासाठी असणार. माझ्यासाठीच होतं. "रेडिओ बंद कर. मला तो कधीच आवडला नाही."

सगळे खो-खो हसले. मीही हसले, लाजेकाजेस्तव. पण तोंडात मारल्यासारखं झालं हो! रोज सकाळी मी आठवणीने यांच्या उशाशी रेडिओ लावत होते.

ती नुसती सुरुवात होती. पुढच्या आठवड्यात हे गाडीवर आले. शिकवायची गाडी, जिला शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, ती मी विकली होती. यांनीच सांगितलं म्हणून विकली. तक्त्यावर "गाडी" आणि "वि" एवढं झालं होतं आणि मी म्हटलं, "विकून टाकू?" तर हे पडद्यावर लिहितात, "मी विचारत होतो की गाडी विनावापर पडून खराब होतेय का." मी म्हटलं, "अहो, मग तेव्हाच नाही म्हणायचं! डोळे मिटायचे!" तर म्हणे, "मिटले होते. तू तक्ता ठेवून फोन करायला गेलीस." पुढे उद्गारचिन्हांची ही लांबलचक रांग. मी म्हटलं, मला काय स्वप्न पडतं तुमच्या डोक्यात काय आहे त्याचं? मग कितीतरी दिवस हाच विषय. मी केस कापत असायचे आणि आतून कॉम्प्युटरचा तो सपाट आवाज यायचा, "आणि ती किती स्वस्तात विकलीस!" गिऱ्हाइकं गालात हसायची. मी कात्री घेऊन आत जायचे, उत्तर देऊन यायचे. एकदा तर पडद्यावर आलं, "यंत्रसुद्धा शब्दाचा अंदाज करतं. पण त्याचा अंदाज मला खोडता येतो. तुझा येत नाही." बघा, म्हणजे मी यंत्रापेक्षाही खालची!

आणि तारवालीशी मात्र लाडीगोडी. ती आली की यांचा बाण उड्या मारतो. सुया दर वेळी जुळवून घ्याव्या लागतात, त्यासाठी हात हलवायचा विचार करायचा असतो. मास्तरांचा हात म्हणजे गिअरवरचा. मग ही बया लॅपटॉप उघडते आणि म्हणते, "चला मास्तर, तिसरा गिअर!" हे मनात तिसरा गिअर टाकतात आणि स्पीकरमधून तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा तडतडाट होतो. तो म्हणे यांच्या पेशींचा आवाज. ती डोळे मिटून ऐकते. माझ्या नवऱ्याच्या डोक्याला कान लावून बसते, माझ्यासमोर, माझ्या घरात! आणि वर मला सांगते, "मास्तर रात्री नीट झोपले नाहीत वाटतं, आज आवाज मंद आहे." यांची झोप हिने मोजायची? मग मी कशाला आहे इथे, पडदे धुवायला?

बरं, मी काकू, पण हे काका नाहीत. हे मास्तर! एकदा मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "त्यांना काका म्हणवत नाही हो, फार तरुण विनोद करतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिसायला म्हणाल तर काही विशेष नाही. केस, आणि हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगते, टोकापर्यंत फाटलेले, कधी तेलाचा थेंब पाहिलेला नाही. पण हसते तेव्हा खांदे हलवून हसते, आणि तिला हसवायला हे पाच-पाच मिनिटं खपून एकेक विनोद लिहितात. माझ्यासाठी काय लिहितात? "उशी वर." "पडदा." "कितीला विकलीस?"

सगळ्यात कहर म्हणजे तिने त्या सुयांना नावं ठेवली होती. तिसऱ्या गिअरला जी सुई सगळ्यात जोरात तडतडायची तिचं नाव लाडका. "लाडका आज फॉर्मात आहे, मास्तर!" माझ्या नवऱ्याच्या मेंदूतल्या पेशीला ही परकी बाई लाडका म्हणते, आणि मी तिकडे कुणाच्या तरी बटा पिळतेय. माझ्या पोटात दुखायचं, अगदी खरोखरचं.

म्हणून म्हणते, सुया गप्प व्हायला लागल्या तेव्हा मला आनंद झाला.

दुसऱ्या वर्षापासूनच ते सुरू झालं होतं. आधी बाण अडखळायचा, मग भलतीकडेच जायचा. चहा प्यायला बसलेल्या तारवालीला त्या दिवशी मी विचारलं, की सुया बिघडल्या का. ती म्हणाली, "सुया बऱ्याचशा ठीक आहेत, काकू. मेंदूच त्यांना दूर ढकलतोय."

मग तिने सांगितलं. सुई आत जाते तेव्हाच थोडं फाटतं, बारीक रक्तवाहिन्या तुटतात. लगेच मेंदूतल्या सफाईच्या पेशी धावून येतात आणि सुईला चिकटतात. त्यांना वाटतं काटा घुसलाय. त्या काट्याला खाऊन संपवायला बघतात, पण धातू कसा संपणार? तरी त्या हटत नाहीत, महिनोन् महिने धुसफुसत राहतात. मग चांदणीच्या आकाराच्या दुसऱ्या पेशी येतात आणि सुईभोवती दाट वेढा घालतात, जखमेवर खपली धरावी तसा. आपण श्वास घेतो तसा मेंदूही जरासा हलतो, आणि सुई ताठ, ती हलत नाही. त्यामुळे घासत राहतं आणि वेढा आणखी जाड होतो. ज्या पेशींचं बोलणं ऐकायचं, त्या एकतर मरतात नाहीतर वेढ्यापलीकडे इतक्या लांब राहतात की ऐकू येत नाहीत. "कुणाची चूक नाही यात," ती म्हणाली. "मेंदू स्वतःला जपतोय."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बायांनो, घाला वेढा! आगंतुक घरात घुसली तर काय आरती ओवाळायची? चांगला जाड घाला. मी त्या पेशींच्या बाजूने होते, अगदी मनापासून.

पुढच्या महिन्यात लाडका गेला. तारवाली "आलेच" म्हणून आमच्या बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात काय रडणं लपतं? मी बाहेर टॉवेल घेऊन उभी, आणि मला तिच्या रडण्याचाही राग आला. नवरा माझा, पेशी त्याची, मग ही कोण रडणारी?

यंत्र जवळजवळ बंदच पडलं. मी माळ्यावरून तक्ता काढला, पुसला, आणि खुर्ची ओढून पलंगाशी बसले. "हं, बोला," म्हटलं. किती दिवसांनी! आता पुन्हा आम्ही दोघंच. "ओळ एक? दोन?"

हे डोळे मिटून पडून राहिले.

मला वाटलं थकलेत. दुसऱ्या दिवशी तेच. पाणी, कूस, उजेड, एवढं सांगायचे. पुढे काही विचारलं की डोळे बंद. मी म्हटलं, "तिची आठवण येते वाटतं?" तर डोळे उघडून माझ्याकडे असं बघितलं की मला ते वाचता येईना. वर नाही, मिटलेले नाहीत, नुसते बघतायत. मी तक्ता आपटला आणि बाहेर येऊन एका बाईच्या केसांना नको तेवढी कात्री लावली.

मग सर्जननी आम्हा दोघांना हॉस्पिटलात बोलावलं. दुसऱ्या बाजूला नवीन बसवता येईल, म्हणाले. आता सुया नाहीत, मऊ धागे आहेत, मेंदूबरोबर हलतात, त्यामुळे वेढा कमी पडेल अशी आशा आहे. "आशा," ते पुन्हा म्हणाले. किती टिकेल सांगता येत नाही. आणि कवटी पुन्हा उघडायची म्हणजे रक्तस्राव, जंतू, सगळं आलंच. मास्तरांचं वयही वाढलंय. मी म्हटलं, "नको. झालं तेवढं पुष्कळ झालं."

"ते मास्तरांनी सांगायचं," सर्जन म्हणाले. "आणि नियम असा आहे की पेशंटचा होकार-नकार घेताना घरचं माणूस खोलीत नसतं. कारणही त्यांच्याच शब्दांत लागतं."

मला हसूच आलं. "घ्या की. पण वाचणार कोण? तक्ता मला एकटीलाच येतो."

"मला येतो, काकू," मागून तारवाली म्हणाली. "शिकलेय मी. तुमचं बघून बघून."

मनात म्हटलं, सुया नेल्यास, विनोद नेलेस, झोप नेलीस, आता माझा तक्ताही? तो मी पुठ्ठा कापून केलाय! पण सर्जनसमोर काय बोलणार? तक्ता तिच्या हातात दिला तेव्हा मी तो चटकन सोडला नाही, एवढं मात्र खरं. तिला ओढावा लागला.

मी बाहेर बाकावर बसले. दार पुरतं लागलं नव्हतं. आतून तिचा आवाज येत होता, "ओळ एक… दोन… तीन… चार…" काय ते रेंगाळणं! मध्ये श्वास घेतेय, थांबतेय, अक्षर मिळालं तरी पुन्हा विचारून घेतेय. मी असते तर एव्हाना तीन वाक्यं झाली असती. समोरून एक नर्स ट्रॉली घेऊन गेली, परत आली, पुन्हा गेली, तरी आतलं संपेना. तिने एकदाही अंदाज केला नाही. मी कान टवकारून वाट बघत होते, की आता म्हणेल, "म्हणजे असं का मास्तर?" नाही म्हणजे नाहीच. आणि हे, जे माझ्यासमोर "पाणी"च्या पुढे जायला तयार नव्हते, ते न थकता अक्षरामागून अक्षर देत होते. मी पर्सचा बंद पिळून पिळून दोरखंड केला. एवढं काय सांगायचंय तिला? लग्नात मला एवढं नाही सांगितलं.

दार उघडलं. आधी सर्जन आले, जरा गोंधळलेले. मागून तारवाली, नाक लाल, हातात कागद.

"होकार आहे," सर्जन म्हणाले. "धोका समजलाय, तेही नीट सांगितलं. फक्त कारण… मला वाटलं ते चेष्टा करतायत. म्हणून पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच सांगितलं."

"काय सांगितलं?"

तारवालीने कागद वाचला. "बायकोशी भांडायचंय. तक्त्यावर भांडता येत नाही. तक्ता तिच्या हातात असतो."

मला वाटलं, आता ती पुढे काहीतरी वाचेल, स्वतःबद्दल, विनोदांबद्दल, तिसऱ्या गिअरबद्दल. पण कागदावर तेवढंच होतं. दोन वर्षं मला वाटत होतं की गोड बोलणं तिच्या वाट्याला गेलं आणि मला राहिली ती कटकट. यांनी डोक्याला भोक पाडून घेतलं होतं ते त्या कटकटीसाठी, आणि आता दुसरं पाडून घ्यायला निघाले होते.

"द्या तो इकडे," म्हणून मी तक्ता घेतला आणि आत गेले.

हे उशीला टेकून पडले होते. मी खुर्ची ओढली. माझा आवाज चढलेलाच होता. "अहो, मला सांगता येत नव्हतं? महिनाभर डोळे मिटून पडलात, मी मेले काय काय विचार करत बसले! मला का नाही सांगितलंत?"

डोळे वर. तक्ता धरला. पहिला शब्द झाला, "तू." दुसऱ्या शब्दाची दोन अक्षरं झाली, "म", "ध," आणि मी उसळले, "मध्ये बोलते? मी मध्ये बोलते?"

मागे दारात तारवालीने हसू दाबल्याचा आवाज आला. यांचे डोळे वर गेले आणि तिथेच राहिले, आणि त्यांच्या कडांना पाणी आलं. हसताना यांना आता तेवढंच येतं.

मी तोंड मिटलं. मग म्हटलं, या खेपेला हळू आवाजात, "मला भीती वाटते. पुन्हा कवटी उघडायची. आणि उघडली, धागे बसवले, आणि त्या पेशींनी पुन्हा वेढा घातला तर? त्या काही ऐकायच्या नाहीत. मग काय करायचं?"

डोळे वर. मी सुरुवात केली, "ओळ एक… दोन… तीन…" अक्षर मिळालं. पुढचं विचारलं. तेही मिळालं. अंदाज आला नाही असं नाही, अंदाज माझ्या जिभेवर येऊन उभा होता. दात आवळून मी तो आतच ठेवला. ओळ, अक्षर, ओळ, अक्षर. बाहेर ट्रॉली गेली, कुणीतरी कुणाला तरी हाक मारली. यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. मी शेवटच्या मात्रेपर्यंत गेले, आणि शब्द पुरा झाल्यावरही विचारलं, "झालं?" डोळे वर.

"तोवर भांडू."

"बरं," मी म्हटलं. आणखी काही बोलले असते तर रडले असते, आणि तारवालीसमोर मला रडायचं नव्हतं. माझी आता ना नाही, हे सर्जनना सांगायला उठले.

दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की तक्ता माझ्या काखेतच आहे. मी परत फिरले आणि तो तारवालीच्या हातात दिला.

"मध्ये बोलू नकोस त्यांच्या," म्हटलं.